तसबिरीतली आणि बाहेरची

बोदवडच्या जुन्या घरांत तसबिरीतले पणजोबा हसत नाहीत. काचेवर छबी उमटेपर्यंत हलायचं नाही, हे एक कारण. फोटो म्हणजे घराण्याची पत मांडणं, हे मला जास्त पटतं. म्हणून तर फेटा, उपरणं, हातात काठी. पणजी मात्र बहुधा चौकटीबाहेर.

त्यामुळेच फिलाडेल्फियातला १० ऑक्टोबर १८८५ चा फोटो मी पुन्हापुन्हा पाहते. महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तिघी, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लांबुली आणि आपल्या आनंदीबाई जोशी, आपापल्या देशी पोशाखात. आनंदीबाई जेमतेम विशीच्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल काही दिवसांतच गेलेलं; चेहऱ्यावर यातलं काही शोधू गेलं तर सापडत नाही. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. तो फोटो निघाला तेव्हा इकडे आसोद्यात कवयित्री बहिणाबाई चौधरी पाच वर्षांच्या होत्या. शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

पुढच्या अंकासाठी घरातले फोटो जरूर पाठवा. मागे नावं शिसपेन्सिलीने लिहा, शाई पुढे फुटते. आणि बायकांची नावं पूर्ण लिहा, नुसत्या ‘सौ.’वर भागवू नका.