सापडलं नाही म्हणजे नाही, असं नव्हे

यावेळी विषय जरा तांत्रिक आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

माझ्या जुन्या संगणकावर पुतण्याने डेबियन लिनक्स बसवून दिलं आहे. हिच्या आवाजातल्या ओव्यांची ध्वनिमुद्रणं त्यातच आहेत. ही जाऊन सहा वर्षं झाली. त्या ओव्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. म्हणून संगणक सुरू केला की आपोआप बाहेरच्या डिस्कवर प्रत जावी, अशी एक छोटी सर्व्हिस पुतण्याला फोनवर विचारत विचारत लिहिली. नाव ठेवलं 'ओवी'. सुरू करायला गेलो तर उत्तर आलं, 'युनिट ओवी डॉट सर्व्हिस नॉट फाउंड'.

अरे, फाइल तर समोर दिसतेय!

दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "काका, फॉरमॅट मारू, सगळं नवीन टाकू." माझ्या पोटात गोळाच आला. हजेरीला एक पोर 'हजर' म्हणालं नाही म्हणून कोणी शाळा पाडतं का?

रात्री शांतपणे बसलो. सिस्टिमडी हा इथला हेडमास्तर. २०१० साली आला, आणि २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून डेबियनने त्याच्याच हाती कारभार दिला. तो ठरावीक फोल्डरांतच पाहतो, आणि आपण नुसतं 'ओवी' म्हटलं तरी 'ओवी डॉट सर्व्हिस' याच पूर्ण नावाची फाइल शोधतो. मी फाइल ठेवली होती योग्य जागी, पण नाव दिलं होतं नुसतं 'ओवी'. शेपूटच नाही! नाव दुरुस्त केलं, 'सिस्टिमसीटीएल डिमन-रिलोड' ही आज्ञा दिली, म्हणजे हेडमास्तरांना हजेरीपट पुन्हा वाचायला लावला. सर्व्हिस सुरू झाली.

याची दुसरीही कारणं असतात. कधी तो प्रोग्रॅम मुळात बसवलेलाच नसतो. कधी नावच वेगळं असतं. अपाची हा वेब सर्व्हर डेबियनकडे 'अपाची२', तर फेडोराकडे 'एचटीटीपीडी'. माहेरच्या नावाने सासरी हाक मारली तर ओ कोण देणार? 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स' म्हटलं की सगळी यादी समोर येते. ती वाचायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं द्यायची कोणाची तयारी नसते, एवढंच माझं म्हणणं.

मी तरी कुठे देत होतो म्हणा! नोकरीच्या पहिल्या वर्षी पहिलीतल्या एका मुलीची मी आठवडाभर गैरहजेरी मांडली. रोज 'कमल' म्हणून पुकारायचो, आणि ती समोरच्याच रांगेत गप्प बसलेली असायची. घरी तिला सगळे 'ठकी' म्हणत. कमल म्हणजे आपण, हे तिला ठाऊकच नव्हतं. शेवटी तिच्या आईने येऊन सांगितलं. मी नुसतं वर मान करून डोकी मोजली असती तरी कळलं असतं.

यंत्र 'सापडलं नाही' एवढंच म्हणतं. 'नाही' असं आपण ठरवतो, आणि मग पुसायला निघतो.

असो. काल बाहेरच्या डिस्कवरची प्रत लावून पाहिली. तिसऱ्या ओवीला ही मध्येच खोकते, तेही जसंच्या तसं आलं आहे.