सुई टाकली, विषय संपला?

जिम, डाएट, वर्षातून एकदा फुल बॉडी चेकअप. तब्येतीच्या बाबतीत आपण एकदम अलर्ट! पण बाबांची इन्सुलिनची सुई टोचून झाल्यावर जाते कुठे? सरळ डस्टबिनमध्ये. विषय संपला.

संपत नाही, बॉस. हेपॅटायटिस 'बी'चा विषाणू शरीराबाहेरही किमान सात दिवस तग धरतो. आणि वापरलेल्या सिरिंजलाही गिऱ्हाईक असतं. 2009 मध्ये गुजरातेत, मोडासा परिसरात, काळ्या बाजारातून आलेल्या अशाच सिरिंज पेशंट्सना पुन्हा टोचल्या गेल्या. सुमारे 240 जणांना हेपॅटायटिस 'बी' झाला.

हॉस्पिटलांसाठी 2016 चे नियम आहेत. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. रंगांची ही भानगड उगाच नाही. पिवळ्या पिशवीतला कचरा सहसा भट्टीत जातो. त्यात पीव्हीसीच्या नळ्या मिसळल्या, की डायऑक्सिनसारखं विष हवेत जाऊ शकतं.

आपल्या घरात मात्र सगळं एकाच काळ्या पिशवीत. ती उघडून हाताने कचरा वेगळा करणाऱ्या ताईंकडे बऱ्याचदा साधे ग्लोव्हजही नसतात.

उपाय अगदी सोपा. डिटर्जंटची जाड रिकामी बाटली घ्या. सुई थेट तिच्यात टाका. बाटली पाऊण भरली, की झाकण टेपने पक्कं बंद करा, वर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा आणि घंटागाडीवाल्याला सांगून वेगळी द्या. दोन मिनिटांचं काम आहे. कुणाचं तरी बोट वाचेल, कदाचित लिव्हरसुद्धा.