लेखनाध्यापन : परत न येणारी वही

लेखनाविषयी व्याख्यान देणे आणि लेखन शिकविणे या दोन भिन्न क्रिया होत. दुसरीत विद्यार्थ्याने लिहिलेले वाक्य अध्यापकाकडे जाते, शेरे घेऊन परत येते आणि पुन्हा लिहिले जाते. दूरस्थ अध्यापनाचा विचार या निकषावर क्वचितच झाला आहे.

सातारा-सांगली परिसराला दूरवर शिक्षण नेण्याची परंपरा नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून शाळाच खेड्यापर्यंत नेली. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाला देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे नाव मिळाले. छापील पुस्तके, अभ्यासकेंद्रे व समंत्रक यांच्या आधारे, शिक्षण सुटलेल्यांना पदवीचा मार्ग खुला झाला, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. तथापि पुस्तक सर्वांना एकच पाठविता येते. लेखनावरील शेरा मात्र प्रत्येकासाठी वेगळा लिहावा लागतो. दूरस्थ लेखनाध्यापनाची खरी कसोटी येथेच लागते.

मार्च २०२० नंतर वर्ग पडद्यावर आले. त्या वर्षी राज्यातील बहुतेक विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवर झाल्या. मराठी विषयाचा विद्यार्थीही अखेरच्या परीक्षेत एकही वाक्य न लिहिता पदवीधर होऊ शकला. आपत्काळातील ती तडजोड समजण्याजोगी होती. परंतु लेखनावाचून भाषेची परीक्षा होऊ शकते, हा समज तिच्यातून उरू नये.

दोष माध्यमाचा नाही. पडद्यावर पहिला खर्डा, अध्यापकाचे शेरे आणि सुधारित खर्डा शेजारीशेजारी राहू शकतात; जत वा पाटणच्या विद्यार्थ्याला त्यासाठी एसटीची वाट पाहावी लागत नाही. शिवाय २०२२ च्या अखेरीपासून यंत्रे मागताच सफाईदार निबंध पुरवू लागल्याने केवळ अंतिम निबंध हा लेखनक्षमतेचा पुरावा राहिलेला नाही. दोन खर्ड्यांमधील बदल आणि त्या बदलांचे विद्यार्थ्याने केलेले तोंडी समर्थन, यांवरच यापुढे भिस्त ठेवावी लागेल.

खरी अडचण व्यवस्थेची आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मानधन मिळते ते वर्गातील तासाचे. तीस वह्या तपासण्यात गेलेली रात्र हिशेबात धरली जात नाही. म्हणून प्रत्येक सत्रात निदान दोन लेखनांच्या पुनर्लेखनास गुण असावेत आणि तपासणीचा वेळ अध्यापनाचा वेळ म्हणून मोजला जावा. तोवर माध्यम कागदाचे असो वा पडद्याचे, विद्यार्थ्याच्या हाती गुणपत्रिका पडेल. वही परत येणार नाही.