भुकेतून आलेला मधुमेह

मधुमेह आणि लठ्ठपणा हे शहरी सुखवस्तूंचे आजार आहेत, घाम गाळणाऱ्यांना त्यांची बाधा होत नाही, असा समज पुरोगामी चळवळीतही दीर्घकाळ रूढ होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या समजाला थारा उरला नाही. शहरांत १६.४ टक्के प्रौढ मधुमेही, तर खेड्यांत ८.९ टक्के, येथवर जुना समज खराच वाटतो. परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांचे प्रमाण शहरांत १५.४ आणि खेड्यांत १५.२ टक्के आहे. म्हणजे हे अंतर फार काळ टिकणारे नाही.

सातारा-सांगलीत याचे निदान अनेकजण ‘ऊस’ या एका शब्दात करून मोकळे होतात. कराड-वाळव्याच्या कारखान्यांवर अन्य आरोप खुशाल करावेत. पण कारखाना नसलेला मुलुख या रोगापासून मुक्त आहे असे नाही. त्यामुळे माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढणाऱ्या मातांच्या उदरी जी पिढी वाढली, ती आज पन्नाशीच्या घरात आहे.

या पिढीच्या संदर्भात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन महत्त्वाचे ठरते. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात अर्भकांचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधील अर्भकांपेक्षा कितीतरी कमी. त्यांचे स्नायू क्षीण होते, त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला हाडकुळे हे मूल शरीराने मेदाळच जन्मते. गर्भात उपाशी राहिलेल्या अशा देहाला पुढे पोटभर पिष्टमय अन्न आणि कमी श्रम मिळाले की मधुमेहाची वाट मोकळी होते. जाते थांबले, मोट गेली याचे दुःख कोणी करू नये. ते कष्ट कोणाच्याही वाट्याला पुन्हा न येवोत. पण त्यांच्या जागी सकस अन्न आले नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरड धान्य एक रुपया किलोने देऊ केले, रेशनच्या दुकानात आले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ.

याच अभ्यासात गर्भवतींमध्ये ब-१२ या जीवनसत्त्वाची मोठी कमतरता आढळली. ते मिळते दूध, अंडी, मांस यांतून. पश्चिम महाराष्ट्रात दूध पिकत नाही असे कोण म्हणेल? पण ज्या घरात पहाटे धार काढली जाते, त्या घरातले दूध डेअरीत जाते आणि घरच्या गर्भार सुनेला कोरा चहा मिळतो. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी बंद केला. असे सरकार उद्या मधुमेहाविरुद्ध प्रभातफेऱ्या काढील आणि लोकांना चालण्याचा उपदेश करील!

उपचारांची कथा वेगळी नाही. इन्सुलिनच्या शोधकर्त्यांनी १९२३ मध्ये आपले हक्क प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठास दिले. आज जगातील बहुतांश इन्सुलिन तीन बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हाती आहे. गावोगाव तिशीपुढील माणसांची नोंद घेणाऱ्या आशा सेविका अद्याप मानधनावर राबतात.

सातारा-सांगलीतील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न डॉक्टरांवर सोडू नये. ज्वारी-बाजरीची हमीभावाने खरेदी करून ती रेशनवर द्यावी, अंड्यांचा निधी पूर्ववत करावा आणि आशांना वेतन द्यावे, या मागण्यांचे ठराव ग्रामसभांत मांडावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या गोळ्या महिन्यातील किती दिवस मिळतात, याची नोंदवही प्रत्येक शाखेने आजपासून ठेवावी.