सेतूवर थांबता येत नाही

12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकलही गेली. नवी मुंबईतल्या उलवेकरांना मुंबई जवळ आली. पण उलव्यातल्या सत्तरीच्या कितीतरी पुरुषांना ती लांबच राहिली आहे. सेतूची लांबी जवळपास 22 किलोमीटर, मध्ये गाडी थांबवायला बंदी. लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही. ज्यांना तासातासाला लघवीला जावं लागतं, त्यांनी करायचं काय?

माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ लग्नाचं आमंत्रण आलं की हॉलची चौकशी करतात, तिथलं स्वच्छतागृह लांब आहे असं कळलं की गुडघ्याचं निमित्त काढून घरीच बसतात. घरच्यांना वाटतं, बाबा माणूसघाणे झाले. मुलाला सांगायची लाज, सुनेला तर विचारूच नका. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सगळं दडपून न्यायचं. माझा आक्षेप नेमका या ‘चालायचंच’ला आहे.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून असलेली छोटी ग्रंथी. पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांमध्ये ती वाढू लागते आणि नलिका दाबली जाते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब गळत राहते, जाऊन आलं तरी मोकळं वाटत नाही. सोनोग्राफीत ‘प्रोस्टेट 45 ग्रॅम’ असं दिसलं की घर हादरतं. खरं तर ग्रंथीचा आकार आणि माणसाचा त्रास यांचं गणित जुळतंच असं नाही. मोठ्या ग्रंथीचा माणूस शांत झोपतो, लहान ग्रंथीचा रात्रभर फेऱ्या मारतो. म्हणूनच मूत्ररोगतज्ज्ञांच्या प्रश्नावलीत लक्षणांचे सात प्रश्न आणि 35 गुण असले, तरी शेवटी एक वेगळा प्रश्न असतो: उरलेलं आयुष्य लघवीचं हे असंच चालणार असेल, तर कसं वाटेल? उपचार कुठवर न्यायचे हे बरंचसं या उत्तरावर ठरतं. त्यामुळे दवाखान्यात फक्त रिपोर्ट पुढे करू नका. कुठलं लग्न टाळलं, कुठला प्रवास सोडला, तेही सांगा.

डॉक्टरकडे जाण्याआधी तीन दिवस एक वही ठेवा. मापाचं भांडं घ्या, आणि दर वेळी किती वाजता, किती मिली लघवी झाली ते टिपा. चोवीस तासांतल्या एकूण लघवीपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त रात्रीच होत असेल, तर प्रोस्टेटवर सगळं खापर फोडता येत नाही. पायावरची सूज, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, संध्याकाळचा चहा यांतही कारण सापडतं.

पाणीच तोडणं हा घरोघरचा उपाय, आणि तो चुकीचा. लघवी घट्ट होते, जळजळ वाढते, मग ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा आणि गोखरूचा काढा सुरू होतो. दिवसा नेहमीसारखं प्या, झोपण्याआधीचे दोन-तीन तास आवरतं घ्या. पावसाळ्यात सर्दीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांतल्या काही औषधांनी लघवी अचानक तुंबते. तशी तुंबली, पोट फुगून कळा येऊ लागल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, किंवा झोपेत नकळत अंथरूण ओलं होणं, हेही थांबण्यासारखं नाही.

मनात खोल बसलेली भीती कर्करोगाची. 1963 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी प्रोस्टेटच्या आजारपणात पद सोडलं. गाठ साधी निघाली, आणि ते 1986 पर्यंत, 92 वर्षांचे होईपर्यंत जगले. साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचा पुढे कर्करोग होत नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून बोटाने तपासणी आणि पीएसए या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड गोळी चालू असेल तर ते आधी सांगायचं, कारण काही महिन्यांत या गोळ्यांनी पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो. त्यांचा गुण यायला सहा महिनेही लागतात. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने काही दिवसांतच धार सुधारते, पण उठताना चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ती गोळी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायलाच हवी.

गोळ्यांनी भागलं नाही, तर दुर्बिणीने किंवा लेझरने मूत्रमार्गातूनच अडथळा काढतात. पोटावर टाका पडत नाही. त्यानंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकतं, हे आधी विचारून घ्यावं, आणि पत्नीसमोर विचारावं. पैशाची काळजी असेल तर सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्यावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. कुठल्या रुग्णालयात हे ऑपरेशन त्या कार्डावर होतं, ही चौकशी मुलाने करावी. बाबा स्वतःहून सांगणार नाहीत.