प्रार्थना मुलाची की शाळेची?

सुरत म्हटले की आपल्याला १६६४ सालची महाराजांची स्वारी आठवते, नाहीतर साड्या आणि हिरे. पण मंडळी, या शहराचे मराठी माणसाशी आणखी एक नाते आहे आणि ते शाळामास्तरांनी जोडलेले आहे. १८४४ साली सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. ती काढणाऱ्यांत तिथल्या सरकारी शाळेचे दुर्गाराम मेहताजी होते आणि मराठी व्याकरण लिहिणारे आपले दादोबा पांडुरंगही होते. दोघेही शिक्षक आणि दोघेही देव मानणारे. ईश्वर एक आहे, जातिभेद खोटा आहे, मंत्रतंत्र थोतांड आहे, असे ते उघड सांगत. धर्माविषयी बोलायचे म्हणून त्यांनी वेगळी सभा काढली. सभेला ज्याला पटेल तो जातो, न पटेल तो घरी बसतो. शाळेतल्या पोराला ही सोय नसते.

हे आठवण्याचे कारण असे. मार्च २०२२ मध्ये गुजरात सरकारने सहावी ते बारावीच्या वर्गांत भगवद्गीता आणण्याचे जाहीर केले. नुसते धडे नव्हेत, शाळेच्या प्रार्थनेतही गीतेचे श्लोक म्हणावेत, असे त्यात होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधानसभेने निर्णयाच्या पाठिंब्याचा ठरावही केला.

आता सुरत महानगरपालिकेच्या शाळा बघा. गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांतून तिथे शिकवले जाते. लिंबायत, उधना भागात खानदेशातून यंत्रमागावर कामाला गेलेल्यांची वस्ती आहे, तशीच ओडिशातून आलेल्यांचीही आहे. ज्या पालिकेने प्रत्येकाच्या भाषेची एवढी बूज राखली, तिच्या शाळांत सकाळची प्रार्थना मात्र सगळ्यांना एकच का असावी?

मुलांना सरकारी शाळेत प्रार्थना करू द्यावी का, असे विचारले जाते तेव्हा दोन वेगळे प्रश्न एकात कालवलेले असतात. एखाद्या मुलाने पेपर हातात येण्यापूर्वी डोळे मिटून गणपतीचे नाव घेतले, एखाद्याने क्रूस काढला, एखाद्याने मधल्या सुट्टीत कोपऱ्यात नमाज पढला, तर त्याला अडवणारे आपण कोण? ती मुलाची प्रार्थना आहे. तिने वर्ग बुडत नाही आणि कुणावर जबरदस्ती होत नाही. लंडनच्या मायकेला शाळेने असल्या प्रार्थनेवरही बंदी घातली आणि २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती उचलून धरली. मला ती पटत नाही. मुलाच्या ओठांवर पहारा ठेवणे हे शाळेचे काम नव्हे.

दुसरी प्रार्थना शाळेची. घंटा झाली, रांगा लागल्या, मास्तर समोर उभे, हात जोडा, डोळे मिटा. इथे म्हणणारा मुलगा असला तरी म्हणवून घेणारे सरकार असते. आपल्या घटनेच्या २८व्या कलमाने संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देण्यास मनाई केली आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीवाचून मुलाला उपासनेला बसवता येत नाही. नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या शिक्षकाची वरची वेतनश्रेणी अडली होती. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की अशी सक्ती करता येत नाही. वेतनश्रेणी अडणे म्हणजे काय हे आम्हा कारकुनांना कुणी सांगायला नको. पण तो शिक्षक निदान कोर्टात जाऊ शकला. तिसरीतले पोर कुठे जाणार?

लोक म्हणतात, संस्कार नकोत काय? हवेत की! पण संस्कार करायला घर आहे, देऊळ आहे, भजनी मंडळ आहे. आमच्या गावात आरत्या पाठ नसलेले पोर सापडणार नाही आणि त्या कुणी शाळेत शिकवल्या नव्हत्या.

दुसरे म्हणतात, गीता हे तत्त्वज्ञान आहे. कबूल. मग ती वर्गात शिकवा. धर्मांविषयी माहिती देणे आणि धर्मशिक्षण देणे यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच मान्य केले आहे. वर्गात मुलाला हात वर करून शंका विचारता येते आणि गीता तर अर्जुनाच्या शंकांवरच उभी आहे. प्रार्थनेच्या रांगेत कोण शंका विचारणार? गीतेची थोरवी सांगणाऱ्यांनी तिला रांगेत उभे करून घोकायला लावावे, हे मला तिचा मान राखणे वाटत नाही.

आणि ज्याला नको त्याने गप्प उभे राहावे, हा तिसरा तोडगा. १९८५ साली केरळातली तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, फक्त गात नसत. तरी त्यांना शाळेतून काढले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्याय दिला. गप्प उभ्या राहणाऱ्या पोरावर साऱ्या शाळेची नजर असते, ती मोठ्या माणसालाही सोसत नाही.

आपल्यालाही हा धडा नवा नाही. चारशे वर्षे इथले सरकार आणि इगर्जी हातात हात घालून चालत होती. हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळायला १९१० साली पोर्तुगालात राजा जाऊन प्रजासत्ताक यावे लागले. तोवर आपली मराठी देवळाच्या अग्रशाळेत नाहीतर कुणाच्या सोप्यावर तग धरून राहिली. सरकार एका धर्माचे झाले की काय होते हे ज्यांच्या पणजोबांनी भोगले, त्यांनी तरी सुरतेच्या बातमीवर टाळ्या वाजवू नयेत. २०२३ मध्ये आपल्याच दाबोळीत मुलांना मशीद दाखवायला नेले म्हणून एका प्राचार्यांना निलंबित केले गेले. बघायला नेले तर धर्म बाटतो आणि रोज म्हणवून घेतले तर संस्कार होतात, हा कुठला न्याय?

ज्याला शाळेची प्रार्थना हवी आहे त्याने आपले पोर उद्या दुसऱ्याच्या देवापुढे, मास्तरांच्या हुकमाने, रोज हात जोडून उभे आहे असे मनात आणून बघावे. पाद्रींच्या शाळेतल्या प्रार्थनेवरून कुरकुरणारे आपल्यात थोडे नाहीत. ती कुरकुर खरी असेल तर सुरतेतल्या मुसलमान पोराच्या बापाचीही खरीच आहे.

सकाळची पाच मिनिटे शांत ठेवा. त्यात ज्याने त्याने आपल्या देवाला आठवावे, नाहीतर न केलेल्या गृहपाठाला. देवाला ते चालेल, सरकारलाही चालायला हवे.