विश्लेषण : एकेकाळी पेटलेल्या नदीत आज कयाकिंग कसे?

अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँड शहरात २२ जून १९६९ रोजी कायाहोगा नदीला आग लागली. पाण्यावर तरंगणारा तेलाचा तवंग आणि कचरा पेटला होता. आज याच नदीत लोक कयाक वल्हवतात, काठाने सायकली चालवतात.

बदल कशामुळे झाला?
नदी याआधीही पेटली होती. १९५२ची आग तर अधिक मोठी होती. मात्र १९६९ नंतर देशभर ओरड झाली. १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्याने परवान्याशिवाय नदीत सांडपाणी सोडणे बेकायदा ठरले.

काठावर काय आहे?
क्लीव्हलँड आणि अ‍ॅक्रन यांच्यामधल्या पट्ट्याला १९७४ मध्ये संरक्षण मिळाले; २००० मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला. प्रवेश शुल्क नाही. खेचरे ज्या वाटेने कालव्यातल्या बोटी ओढत, तिथे आता पायी आणि सायकलने फिरण्याचा मार्ग आहे. २०२० मध्ये ब्रेक्सव्हिलचा बंधारा हटवल्याने मासे आणि होड्या, दोघांचीही वाट मोकळी झाली.

धोका संपला का?
नाही. जुन्या गटारांत पावसाचे पाणी आणि मैला एकाच वाहिनीतून वाहतो. मुसळधार पावसात ती भरून वाहते आणि मैला नदीत येतो. म्हणून जोरदार पावसानंतर पाण्यात न उतरलेलेच बरे.

धडा काय?
काठ सजवायला काही वर्षे पुरतात. हे पाणी सुधारायला अर्धशतक लागले आणि काम अजून बाकी आहे. बाक, दिवे, सायकलमार्ग जरूर हवेत. पण सुरुवात नाल्याच्या तोंडापासूनच व्हायला हवी.